मधलं अक्षर धों.

रविवार, अधिक ज्येष्ठ. रात्री उशिरा.

कोथरूडहून परतायला वेळ झाला. भावाच्या बाळाचं बारसं याच महिन्यात करायचं ठरलंय. मावशीने पंचांग उघडून निकाल दिला, "अधिकात लग्नं-मुंजी नाहीत. बारसं वेळच्या वेळी करायचं असतं, त्याला मलमास कसला आडवा येतोय?" त्यावर भाऊ म्हणाला, "धोंड्याच्या महिन्यात झालाय, नावही घरातलंच आहे. धोंडो ठेवून टाकू." सगळे हसले. भावजयही हसली, पण मोबाईलमधली नावांची यादी तिने लगेच पुढे केली. अद्विक, रेयांश, कियान, अगस्त्य. पाच वर्षांनी शाळेत बाईंनी यातलं कुठलंही नाव पुकारलं तर तीन पोरं एकदम उभी राहणार.

आत्या मी. कानात नाव सांगायचा मान माझा आणि कुर्र झाल्यावर पाठीत धपाटे खायचाही माझाच. त्यामुळे बसमध्ये बसल्यापासून ते चेष्टेत आलेलं नाव डोक्यातून जाईना.

घरातलं म्हणजे पणजोबांचं. मी त्यांना पाहिलेलं नाही. मला ते माहीत आहेत ते आजोबांच्या सहीतल्या मधल्या अक्षरापुरते: धों. काना, मात्रा आणि अनुस्वार घेऊन ऐसपैस बसलेलं अक्षर. सगळ्या महाराष्ट्रात हे नाव आता बहुधा असंच, मधल्या अक्षरापुरतं उरलंय. र. धों. कर्वे. ना. धों. महानोर. महानोरांना तर लोक 'नाधों' असं एका दमात म्हणायचे. नामदेव धोंडो असं पूर्ण नाव कोणाच्या तोंडी नसे. ते इथे पुण्यातच गेले, ३ ऑगस्ट २०२३ ला. तेव्हा अधिक श्रावण चालू होता, हे आज पंचांगाचा विषय निघाला म्हणून लक्षात आलं.

नाव आलं दोन वाटांनी. एक वाट पंचांगातली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून हिशेब जुळवायचा. तोच अधिक मास, बोलीत धोंड्याचा महिना. लेकी-जावयांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं. या महिन्यात मुलगा झाला की धोंडू, मुलगी झाली की धोंडाबाई किंवा धोंडूताई. यात कसलं दुःख नाही. तिथीवरून नाव पडलं, एवढंच.

दुसरी वाट वेगळी. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव मुद्दाम वाईट ठेवायचं. दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची आणि त्याला नथू म्हणायचं. कुठे कुठे तर तान्ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवत, शेजारीण ते उचलून नेई आणि आई मूठभर धान्य देऊन स्वतःचंच मूल तिच्याकडून विकत घेई. सटवाईची, यमाची, लोकांची नजर चांगल्या वस्तूवर जाते. दगडाला कोण उचलून नेणार? पणजोबांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, असं मावशी मागे एकदा सांगत होती. म्हणजे ते या दुसऱ्या वाटेचे धोंडो.

या नावाला लोक हसतात तेव्हा मला थोडा राग येतो तो यामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजारातली दोनशेहून जास्त बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत हा आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. धोंडो हे नाव आपल्या अभिरुचीने मारलं असं आपण समजतो. मारलं ते लसींनी, स्वच्छ पाण्याने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी. भावजयीला यादीतून निवड करायला निवांत वेळ मिळाला, कारण बाळ जगेल की नाही ही धास्ती तिच्या मनात नाही. हे काही मी तिला बोलून दाखवणार नाही. बाळंतिणीला असलं काही ऐकवायचं नसतं.

पुण्यात या नावाची सगळ्यात मोठी खूण आहे आणि ती कोणाला दिसत नाही. आमची बस कर्वे पुतळ्यावरून निघते आणि कर्वे रस्त्यानेच येते. पलीकडे कर्वेनगर. पण 'धोंडो' कुठे ऐकू येत नाही. ते महर्षी झाले, आश्रमातल्यांचे अण्णा झाले आणि पाळण्यातलं नाव मागे पडलं. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, कोकणातलं शेरवली. १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाने वाळीत टाकलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला नेला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ मध्ये शंभरी पुरी झाली त्याच वर्षी भारतरत्न मिळालं आणि हयात असतानाच टपालाचं तिकीटही निघालं. गेले १९६२ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षात. नाव काय ठेवलं आणि माणूस किती टिकला! सटवाईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही म्हणायचं.

गंमत पुढच्या पिढीत आहे. या धोंडोंनी आपल्या मुलांची नावं ठेवली रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. दोन देव आणि दोन सूर्य. त्या घरातही धोंडो एका पिढीतच मधल्या अक्षरात जाऊन बसला. आणि गोदूबाई? लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. बालिकाश्रमासाठी गावोगाव निधी मागत फिरल्या, लोक त्यांना बाया म्हणत. नवऱ्याला दगडाचं नाव जन्मभर चाललं, बायकोचं गोदावरीवरून आलेलं नाव मात्र बदलावं लागलं. सुधारकाचं घर असलं म्हणून काय झालं.

दगडूचं तर याच्या उलट झालं. हे नाव पुण्यात रोज हजारो लोक घेतात, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना, चतुर्थीला रांगेत उभं राहिल्यावर. दगडूशेठ गडवे हे बुधवार पेठेतले मिठाईवाले. त्यांचा मुलगा प्लेगात गेला आणि त्या दुःखातून सावरताना गणपती बसला, असं सांगितलं जातं. ज्याचं स्वतःचं नाव मृत्यूला चकवायला ठेवतात तसलं, त्याचाच मुलगा साथीत जावा, हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं. त्यांच्या पत्नीचं नाव लक्ष्मी रस्त्याला आहे. लक्ष्मी नावाच्या मुली अजून भेटतात. पण दगडूशेठला नवस बोलून झालेल्या मुलाचं नाव कोणी दगडू ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अथर्व ठेवतात.

मोठी माणसं आणखीही आहेत. १८५७ चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेले. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी, केसरबाई केरकरांच्या शिष्या. तेव्हा हे नाव गरिबाचं, खेड्यातलं असं काही नव्हतं. पेशव्यांच्या घरात चालायचं.

इथवर आले की मला आमच्या घराचं कौतुक वाटायला लागतं. तिथेच दलित लेखक दया पवार आठवतात. त्यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ च्या 'बलुतं' या त्यांच्या आत्मकथनात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी मांडणीच आहे. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसलेली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित. म्हणजे किळस यावी असं. आमच्या पणजीने मूल जगावं म्हणून धोंडो ठेवलं असेल, पण त्या मुलाला पुढे 'धोंडोपंत' म्हणायला गाव तयार होतं. 'पंत' लागला की दगडालाही शेंदूर फासला जातो. वस्तीतल्या दगडूच्या आईलाही मूल जगवायचंच होतं, तिची भीती कदाचित जास्तच खरी होती. पण तिच्या मुलाला गाव 'दगड्या' म्हणणार, आणि तसं म्हणायला गावाला शास्त्राचा आधार. नाव तेच, नवसही तोच. एकाला ते ढालीसारखं वापरता आलं आणि दुसऱ्याच्या पाठीत बसलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांनी राजपत्रात जाहिरात देऊन 'कचरू' बदलून घेतलं. ते आमच्यासारखं 'केवढं दुर्मीळ, केवढं जुनं नाव' असं कधी म्हणणार नाहीत. जुन्या नावाची हौस करायला सुखरूप आडनाव लागतं.

आणि मुलींचं आणखी वेगळं. मुलगा जाऊ नये म्हणून वाईट नाव, मुलगी पुन्हा होऊ नये म्हणून वाईट नाव. नकुशी. इथे कोणाला चकवायचं नव्हतं, जे वाटत होतं तेच हजेरीपटावर लिहिलं. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. पुण्याहून दोन-अडीच तासांवर. पणजोबांच्या काळातलं नाही हे, आपल्या डोळ्यांदेखतचं आहे.

तर मग धोंडो ठेवावं का? नाही. पोराला शाळेत आयुष्यभर खुलासे करत बसावं लागेल, आणि त्याने आमच्या घराण्याच्या आठवणींचं ओझं कशाला वाहायचं? पण पाळण्यातलं नाव वेगळं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ते कागदावर कुठे येत नाही. महापालिकेच्या दाखल्यावर त्यांना हवं ते घालू देत. त्यालाही घाई नाही, जन्म नोंदवल्यावर नाव नंतरही भरता येतं. ही घासाघीस निदान आणखी महिनाभर चालणार असा माझा अंदाज आहे.

झोपायच्या आधी भावजयीला मेसेज टाकला: व्यवहारातलं नाव तू ठरव, पाळण्यातलं म्हणून कानात एकदा धोंडो म्हटलं तर चालेल का? ती जागीच होती, बाळ झोपू देत नसणार. उत्तर आलं, "चालेल ताई. पण व्हिडिओ बंद झाल्यावर."