स्वामीनाथन यांचे पक्षी आणि लिलावातले आकडे

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांचं नाव आलं की बहुतेक वेळा समोर एक पक्षी, एक डोंगर आणि मागे सपाट पिवळा अवकाश असतो. सत्तरच्या दशकातली ही चित्रं बाजाराला हमखास हवी असतात.

स्वामीनाथन यांचा जन्म १९२८ चा, सिमल्यातला. डावी चळवळ आणि पत्रकारिता करून ते चित्रांकडे वळले. १९६२ मध्ये भावनगरला १८९० क्रमांकाच्या घरात बारा कलाकारांचा 'ग्रुप १८९०' जमला. त्यात अकोल्याचे अंबादासही होते. १९६३ मध्ये दिल्लीत एक प्रदर्शन झालं आणि गट पांगला.

खरी कलाटणी भोपाळची. १९८२ मध्ये तिथे उघडलेल्या भारत भवन या कलाकेंद्रातल्या रूपंकर संग्रहालयाचे ते १९९० पर्यंत संचालक होते. कलाविद्यार्थ्यांना त्यांनी खेड्यापाड्यांत पाठवलं. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम त्यातूनच पुढे आले. आदिवासी आणि आधुनिक काम रूपंकरमध्ये एकाच मानानं मांडलं गेलं. स्वामीनाथन यांच्या स्वतःच्या कॅनव्हासवरून पक्षीही मग नाहीसा झाला, मातकट रंग आणि खुणांची लिपी आली. माझ्या मते हा शेवटचा टप्पा जास्त धाडसी आहे.

विक्रीचे जुने आकडे जुळवताना आधी चित्राचं साल बघा. पक्षी-डोंगराच्या भावावरून १९९० नंतरच्या चित्राची किंमत काढली तर हिशेब चुकणारच. दुसरी गफलत हातोड्याच्या बोलीची, म्हणजे हातोडा पडतो त्या शेवटच्या बोलीची. समजा बोली १ कोटीवर थांबली आणि प्रीमियम (घेणाऱ्याने लिलावगृहाला बोलीवर द्यायची रक्कम) २० टक्के आहे, तर बातमीत १.२० कोटी छापून येतं. कर त्यावर वेगळा. विकणाऱ्याच्या हाती पडतात १ कोटी वजा त्याचं कमिशन. म्हणून एका विक्रीतली बोली दुसरीतल्या प्रीमियमसकट किमतीशी ताडू नका.

सपाट रंगाच्या चित्रात डागडुजी लपत नाही. पिवळ्यावर नंतर मारलेला पिवळा कालांतराने वेगळा पडतो, अतिनील दिव्याखाली तर ठिगळासारखा दिसू शकतो. चौकटीमागची बाजू, जुन्या गॅलरीचं लेबल आणि मालकीची साखळी तपासा; नुसत्या सहीवर विसंबू नका.

राष्ट्रीय कलासंपत्ती ठरलेल्या नऊ चित्रकारांत स्वामीनाथन नाहीत. त्यामुळे अमृता शेरगिल किंवा रविवर्मा यांच्या चित्रांसारखी निर्यातबंदी त्यांच्या चित्रांवर नाही, आणि बोली लंडन-न्यूयॉर्कलाही लागते.