तुम्ही विचारलंत म्हणून: सिझर जड गेलं की पिशवी?

"तुमचं दोन्ही झालंय ना, मग खरं सांगा, जास्त जड काय गेलं?" हे मला स्टाफरूममध्ये विचारलं गेलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलंय. 2011 साली सिझर झालं, तेव्हा मी 31 वर्षांची. 2024 साली गाठींमुळे गर्भपिशवी काढली. विचारणाऱ्या बहुतेकींचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: पिशवीचं ऑपरेशन मोठं, सिझर काय, हल्ली सगळ्यांचंच होतं. इतकी वर्षं सिझरचा विषय निघाला की मीही "आठ दिवसांत उठले हो" म्हणून मोकळी व्हायचे. ते खरं नव्हतं.

पुष्कळ जणींचं होतं, हे मात्र खरं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात, खासगी दवाखान्यांत तर 47.4 टक्के. पण पुष्कळ जणींचं होतं म्हणून ते कमी दुखतं, हा कुठला हिशोब?

माझ्या पोटावर व्रण एकच आहे. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पहिल्याच व्रणावरून चीर घेतली. आदल्या दिवशी केसपेपरच्या मागे आकृती काढून त्यांनी समजावलं होतं: कातडी, चरबी, त्याखालचं चिवट आवरण, मग पोटाचे स्नायू (ते कापत नाहीत, मधून बाजूला सारतात), मग आतला पातळ पडदा, मग पिशवी. मी विचारलं, सिझरलाही हेच सगळं? म्हणाले, हेच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी पिशवी बाहेर गेली. पहिल्या वेळी ती टाके घालून आतच ठेवली होती, आणि त्या टाक्यांसकट तिला आकसायचं होतं. बाळंतपण झाल्या झाल्या पिशवी किलोभराची असते, सहा आठवड्यांत ती शंभर ग्रॅमच्या आत येते. बाळाला अंगावर घेतलं की पोटात कुणीतरी मूठ आवळावी तशी कळ यायची. सिस्टर म्हणायच्या, पिशवी आकसतेय, चांगलंच आहे. चांगलंच होतं. पण ती कळ ताज्या टाक्यांखाली यायची, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पिशवी काढल्यावर मी गोळी घेऊन सलग सहा तास झोपत होते.

दुसऱ्या वेळी घरात कुणी मला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, सहा आठवडे जड उचलू नये. नवऱ्यानं ते फ्रिजवर लावलं. शेजारच्या वहिनी पंधरा दिवस डबा देत होत्या. सिझरच्या कार्डावरही होतं, बाळापेक्षा जड काही उचलू नका. बाळ तीन किलो शंभर ग्रॅमचं होतं. ते दिवसातून किती वेळा उचललं, कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन, दात आवळून, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मीही नाही.

आता बारशाचं सांगते. तेच खरं सांगायचं आहे.

बाळंतपण माहेरी, इस्लामपूरला. चौदा तास कळा दिल्या, मग बाळाचे ठोके कमी झाले आणि धावपळ करून सिझर केलं. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "बरं झालं, कळा न देताच सुटलीस." मी गप्प बसले. ते वाक्य मात्र आत रुतून बसलं. बाराव्या दिवशीचं बारसं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी फोनवर स्वतःहून विचारलं होतं, झेपेल का गं? मीच म्हणाले, झेपेल. बळजबरी कुणाचीच नव्हती. बाळंतपण नीट जमलं नाही असं मला वाटत होतं, निदान बारसं तरी नीट व्हावं एवढंच डोक्यात होतं.

परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येत होती. वर बांधली तर साडी ठरेना, खाली बांधली तर काचायची. शेवटी मधे मऊ रुमाल घडी करून घातला आणि काठाची साडी नेसले. पाटावर पाऊण तास मांडी घालून बसले, ओटी भरून घेतली. मग पाळणा. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. पाळण्याखालून बाळ घ्यायला वाकले आणि ओटीपोटाशी काहीतरी कोमट ओघळल्यासारखं झालं. अंगावरून जातंय, असं वाटलं. फोटो व्हायचे होते, घुगऱ्या वाटायच्या होत्या. तशीच बसून राहिले.

न्हाणीघरात जाऊन पाहिलं तर रुमाल भिजलेला आणि परकरावर तळहाताएवढा पिवळसर लाल डाग. टाक्यांची डावी कड हरभऱ्याएवढी उघडली होती. पाहुणे जाईपर्यंत मी कुणाला बोलले नाही. संध्याकाळी आईला दाखवलं, ती मटकन खाली बसली. पुढे सोळा दिवस रोज ड्रेसिंग. जखमेत औषधाची पट्टी कोंबायचे, दुसऱ्या दिवशी ती ओढून काढायचे. आई माझा हात धरून भिंतीकडे बघत उभी राहायची. एकदा रिक्षात म्हणाली, "मी एवढी मोठी बाई, मला कसं नाही सुचलं?" तिच्या त्या वाक्यानं मी जेवढी रडले तेवढी ड्रेसिंगला रडले नाही.

डॉक्टर म्हणाले होते, आत पाणी साठलं होतं, बसला नसता तरी कदाचित फुटलं असतं. म्हणजे दोष बारशाचाच, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि दुसरं ऑपरेशन सोपं होतं, असंही नाही. जुन्या व्रणाला मूत्राशय चिकटलेलं होतं, ते सोडवायला वेळ गेला, लघवीची नळी जास्त दिवस ठेवावी लागली. हिमोग्लोबिन आठवर होतं. महिनाभर जिना चढताना धाप लागायची. वय तेरा वर्षांनी वाढलेलं. मग तुलना करायची तरी कशाशी?

तेव्हाच्या स्वतःला मी पुष्कळदा विचारते, नाही म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? ती मला उलट विचारते, तेव्हा माझं दुखणं दुखणं आहे हे सांगितलं कुणी? मला सगळे पेढे देत होते. तिच्या या बोलण्यावर मला आजही उत्तर सुचत नाही. पेढे मलाही हवे होते. बाळ मांडीवर घेतलं की सगळं विसरत होते, हेही खोटं नाही, आणि त्या विसरण्याचाच मला आता राग येतो.

माझी भाची पुण्यात असते. बाळ पायाळू आहे, म्हणून सिझरची तारीख दिली आहे. परवा तिनं फोन करून हाच प्रश्न विचारला. मी तिला हे सगळं सांगितलं, रुमालासकट. म्हटलं, बारसं दीड महिन्यानं कर, खुर्चीवर बस, साडी नेसू नकोस. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, बाराव्या दिवसासाठी हॉलचे पैसे भरून झालेत गं."

मी तिच्या सासूबाईंचा नंबर मागून घेतला आहे. अजून फोन केलेला नाही.