काकू त्या दिवशी वारीत होत्या

भोसरीतल्या एका कारखान्याचं कंपनी सेक्रेटरीचं काम, म्हणजे मीटिंग-ठरावांच्या कायदेशीर नोंदी ठेवणं, माझ्याकडे होतं. कारखाना थोरल्या भावाने उभारलेला. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी डायरेक्टर झाल्या, कारभार मात्र धाकट्याच्या, म्हणजे साहेबांच्या, हाती. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो. फाइल घरी जायची आणि पेन्सिलीची फुली दिसेल तिथे त्या सही करायच्या.

२०२४च्या ऑगस्टमध्ये साहेबांनी बोलावलं. स्वतःच्या मुलाच्या फर्मच्या कर्जाला त्यांनी कंपनीची हमी देऊन टाकली होती, आणि बँक आता बोर्डाचा, म्हणजे संचालक मंडळाचा, ठराव मागत होती. मीटिंग झालीच नव्हती. "१६ जुलैची तारीख टाका, मॅडम." ठरावाच्या सर्टिफाइड कॉपीखाली माझी सही, कंपनी सेक्रेटरी म्हणून माझा सदस्यत्व क्रमांक जाणार होता. मी सरळ नकार दिला. मीटिंगच्या इतिवृत्तात फेरफार केला तर कंपनी कायद्याच्या कलम ११८नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही सांगितलं. तेवढ्यात काकू आल्या. साहेबांनी टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला.

एरवी काकू वाचत नसत. त्या दिवशी चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. ओळीखालून बोट सरकत गेलं आणि 'उपस्थित'खालच्या स्वतःच्या नावावर थांबलं.

"भाऊजी, सोळाला दशमी होती. मी वाखरीहून पंढरपुरात चालत येत होते."

"वहिनी, नुसती सही तर करायचीय."

काकू माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. मी तर नावाचीच ना?"

"नाही काकू. कायद्यात नावापुरता डायरेक्टर नसतो. कलम १६६ साहेबांना जेवढं लागू, तेवढंच तुम्हाला. स्वतःच्या बुद्धीने ठरवायचं, कंपनीचं आणि कामगारांचं हित बघायचं. आणि घरातल्या माणसाला गैरफायदा मिळवून द्यायचा नाही."

"पोराचं कर्ज थकलं तर?"

"हमी कंपनीची आहे. बँक इथे येईल."

खाली कारखान्यात दुसरी पाळी सुरू होत होती. काकूंनी खिडकीतून तिकडे बघितलं, पेनला टोपण लावलं. "बँकेला खरं काय ते आजच कळवा, भाऊजी. मीटिंग लावायची तर रीतसर सात दिवसांची नोटीस द्या. मी येईन आणि बोलेन."

साहेब काही न बोलता उठून गेले. माझे हात थरथरत होते, कागद आवरता येईनात.

"हे गेल्यापासून मी कुठे कुठे सह्या केल्यात," काकू म्हणाल्या, "त्या सगळ्या फायली उद्या घरी घेऊन ये. आणि एकेक मला वाचून दाखव."