बर्फ नसलेल्या जानेवारीत गुलमर्ग : माझा अनुभव

जानेवारी २०२४. नाशिकच्या सातपूरला आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात, सेकंड शिफ्ट चालू होती, तेवढ्यात गाईडचा मेसेज आला : "बर्फ़ नहीं है भाई, सोच के आना." सोबत गुलमर्गचा फोटो. सगळं मैदान वाळक्या गवताचं, तपकिरी. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, निम्म्याहून जास्त उलटले होते.

आई म्हणाली, "बर्फच नाही म्हणतात, मग जातोस कशाला रे? थंडी काय, निफाडलाही आहे."

निफाडची थंडी आणि गुलमर्गचा बर्फ यांचं नातं आहेच. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे वारे आपल्याकडे उतरतात. त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत काश्मीरला असे झंझावात फारसे लाभलेच नाहीत. पण मी दोन वर्षं पैसे साठवले होते. शिफ्टच्या आधी पांडवलेणीच्या पायऱ्या आणि दर रविवारी पाठीवर बारा किलो घेऊन अंजनेरी केली होती. आदल्या वर्षी उतारावरचं साधं स्कीइंग शिकलो होतो. यंदा बॅककंट्री करायचं होतं : लिफ्ट नाही, आखलेला उतार नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या, म्हणजे स्किन्स चिकटवायच्या, टाच मोकळी ठेवून आपल्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्ट्या सोलून काढायच्या आणि मग उतरायचं. मी गेलो.

माझा दुसरा जीव गोंगाटाच्या रॉकवर. मिरवणुकीत नाशिक ढोलाचा दणका लहानपणापासून छातीत घेत आलोय. तोच दणका पुढे इलेक्ट्रिक गिटारमध्ये सापडला. ब्लॅक सबाथ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली आणला. तो जड, खर्जातला आवाज तिथून आला. मी रोज प्रेसवर पत्रा सरकवतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्यासाठी नुसती माहिती नाही.

पहिले चार दिवस गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, वर जाऊन सावलीतल्या घळी शोधत फिरलो. बर्फ इतका पातळ की दुसऱ्याच वळणाला दगड लागला आणि उजव्या स्कीच्या तळाला करंगळीएवढी खाच पडली. संध्याकाळी बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीजवळ, बसून ती भरली. प्लास्टिकची काडी मेणबत्तीसारखी पेटवायची आणि थेंब खाचेत सोडायचे. ज्योत निळी राहिली पाहिजे, पिवळी झाली की काजळी आत जाते. थेंब गार झाले की लोखंडी पट्टीने खरवडून सपाट करायचं. छोट्या स्पीकरवर आयोमीची गिटार चालू होती. बोटांच्या त्या टोप्या डोळ्यांपुढे आल्या आणि मी ती खाच दोनदा भरली, दोनदा तासली.

महिनाअखेरीला बर्फ आला. रात्रभर पडला, मग पुन्हा पडला. मी आनंदाने ओरडलो. गाईड मात्र गप्प होता. आभाळ निवळल्यावर त्याने मला सौम्य उतारावर नेलं आणि फावड्याने खड्डा खणला. वर नवा, मऊ थर. खाली जुना बर्फ, मुठीत घेतला तर जाड साखरेसारखा सुटा, गोळाच होईना. पातळ बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास आणि वरची हवा त्याहून कितीतरी थंड. या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि कण मोठे, टोकदार, एकमेकांना न धरणारे होतात. म्हणजे हिवाळा कोरडा गेला की धोका कमी होत नाही, पुढच्या बर्फासाठी कच्चा पाया तयार होतो. मला हे आधी ठाऊक नव्हतं. प्रत्येकाने जाण्याआधी हे जाणून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

दुसऱ्या दिवशी एकमेकांचे बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला मदत करणारे रेडिओ, तपासले. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, आणि फावडं सॅकमध्ये होतंच. "कान खुले रखना," गाईडने बजावलं. हेडफोन्स मी खोलीवरच ठेवले होते. पाईनच्या झाडांमधून तासभर चढलो. स्किन्सची खसखस आणि आपला श्वास, बाकी काही नाही.

आणि पायाखाली आवाज झाला. धम्म! मोठा नव्हता, पण खर्जातला. सगळ्यात मोठ्या ढोलावर उशी ठेवून एकच टिपरू मारावं तसा. आधी तळपायांना कळला, मग कानांना. आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला आणि स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर लांबवर गेली.

"सुना?"

"सुना, भाई."

खालचा कच्चा थर मोडल्याचा तो आवाज. आम्ही होतो तिथे उतार वीसेक अंशांचा, म्हणून काही झालं नाही. वरचा वाटीसारखा उघडा उतार पस्तीसच्या पुढचा, आणि थरांचे हिमप्रपात बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच सुटतात. ती वाटी समोर दिसत होती, पांढरीशुभ्र, एकही रेघ नसलेली. दोन वर्षं मी तिचेच फोटो बघत होतो. पोटात कालवलं. गाईडने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि तिथेच स्किन्स सोलायला घेतल्या.

झाडांमधूनच उतरलो. उतार कमी, म्हणून वेगही कमी. पण बर्फ गुडघ्यापर्यंत मऊ होता आणि प्रत्येक वळणाला तो अंगावर उडत होता. सतरा वळणं झाली. मी मोजली. नववं सगळ्यात छान होतं, दोन झाडांच्या मधून, डावीकडे झुकून.

खोलीवर आल्यावर हेडफोन्स लावले आणि आवाज हवा तेवढा वाढवला. पहिला खर्ज आला आणि तळपायांना पुन्हा झिणझिण्या आल्या.