सितांगचा थंडरबोल्ट, १/७२ : निळ्या पट्ट्यांचा टप्पा

जोडणी आणि घासणं झालं, आता रंग. मॉडेल आहे आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दल) थंडरबोल्ट मार्क २ या लढाऊ विमानाचं, मूळच्या ७२व्या भागाएवढं. ४२ स्क्वाड्रन, ब्रह्मदेश, जुलै १९४५. महिना नेमका धरायला हवा. पेगू योमाच्या डोंगरात अडकलेली जपानची २८वी आर्मी सितांग नदी ओलांडून पूर्वेला निसटायला निघाली ती याच महिन्यात, भर पावसात. तिच्या योजनेचे कागद आधीच हाती लागले होते, त्यामुळे वाटा आणि नदीचे उतार ठाऊक होते. पायदळासोबतचे नियंत्रक रेडिओवरून लक्ष्य सांगत, वरून थंडरबोल्ट आणि स्पिटफायर तुटून पडत. ब्रह्मदेशातली ही शेवटची मोठी लढाई.

४२ हा क्रमांक या तुकडीला १ जुलैला मिळाला. त्याआधी ती १४६ होती. म्हणून डीकलची (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांची) अक्षरं ४२ चीच, म्हणजे ‘एडब्ल्यू’ हवीत.

विमानावरच्या आरएएफच्या गोल चिन्हात फक्त दोन निळ्या छटा. लाल रंग मुद्दाम काढला होता, कारण लांबून तो जपानी गोळ्यासारखा दिसे. पट्ट्यांचं कारणही तेच: गोल नाकाचं विमान आपल्याच तोफांना शत्रूचं वाटू नये. रंगवलेल्या विमानावर पट्टे पांढरे, उघड्या धातूवर गडद निळे. मापं: नाकावर १७ इंच, पंखांवर २८, शेपटीवर १८. म्हणजे १/७२ ला ६, ९.९ आणि ६.३५ मिमी. पंखाचा पट्टा अरुंद झाला की सगळं विमान चुकीचं दिसतं, तेव्हा टेप स्टीलपट्टीवर मोजूनच कापा.

क्रम असा: चकचकीत काळा प्रायमर, २४ तास सुकवणं, मग आधी निळा आणि त्यावर टेप लावून शेवटी अ‍ॅल्युमिनियम. उलट केलं तर टेप काढताना धातूचा थर सोबत उचकटतो. टेपच्या कडेवरून निळ्याचाच एक पातळ हात मारा. झिरपलं तर निळ्यात निळंच झिरपेल. अ‍ॅल्युमिनियमला एअरब्रशचा दाब १२ ते १५ पीएसआय, हात हलके आणि तीन-चार.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लॅकर पांढुरकं पडतं, कारण सुकताना हवेतला ओलावा त्यावर बसतो. कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी गाळणी) लावा आणि रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, घातलेला थिनर वापरा. धार लागलेली असेल त्या दिवशी मात्र धातूच्या रंगाला हात लावू नका.

पुढचा टप्पा डीकल आणि पंखांखालचे ५०० पौंडी बॉम्ब.