एल-आर शून्य, तरी भांडण

शनिवार, रात्र

संध्याकाळी लेकीने कॅल्क्युलेटर नाकासमोर धरला. "बाबा, पुस्तकातलं उत्तर चुकलंय." समीकरण होतं: ईचा क्ष घात = ३क्ष (ई म्हणजे २.७१८ च्या आसपासची ठरलेली संख्या). पुस्तकात १.५१२. तिच्याकडे ०.६१९०६१२८६७ आणि त्याखाली एल-आर = ०, म्हणजे डावी बाजू वजा उजवी बाजू शून्य. तिच्या लेखी विषय संपला होता.

बटणं तिने बरोबरच दाबली होती. समीकरणातलं बरोबरचं चिन्ह अल्फा दाबून काल्कच्या बटणातून घ्यायचं, हे तिला ठाऊक होतं. (मी कॉलेजात पहिल्यांदा साधंच बरोबरचं बटण दाबत बसलो होतो, आणि चिडून यंत्रालाच नावं ठेवली होती.) मग शिफ्ट-काल्क, म्हणजे सॉल्व्ह, समीकरण सोडवायची सोय. तिथे यंत्र आधी क्षची किंमत विचारतं. तिने तिथला ० तसाच ठेवला होता. "क्ष मलाच हवाय, तो मलाच काय विचारतं?"

म्हटलं, आता २ घाल. आलं १.५१२१३४५५२. एल-आर पुन्हा ०. मग मात्र ती गप्प झाली.

दोन्ही उत्तरं खरी आहेत. सॉल्व्ह न्यूटनच्या रीतीने चालतं: डावी वजा उजवी बाजू यांचा वक्र घ्यायचा, दिलेल्या किमतीपाशी त्याची स्पर्शिका काढायची, ती अक्षाला जिथे छेदते तिथे जायचं, पुन्हा तेच. एक उत्तर सापडलं की यंत्र थांबतं, दुसरं आहे का ते बघत नाही. न्यूटनने १६६९ मध्ये क्ष³ − २क्ष − ५ = ० सोडवताना सुरुवातीला २ धरले होते, म्हणजे अंदाज त्यालाही करावाच लागला. वर्गसमीकरणाची गोष्ट वेगळी. तिथे सहगुणक भरले की दोन्ही मुळं मिळतात, म्हणून मुलांना वाटतं सगळीकडे तसंच.

ती झोपायला गेली, मी कागद घेऊन बसलो. ० वरून निघालं की पहिली उडी ०.५ वर. १ वरून निघालं तर थेट ० वर, अगदी नेमकं, कारण तिथे वक्राची किंमत आणि उतार दोन्ही ई वजा ३ च येतात! मला हे आजवर दिसलंच नव्हतं. कुठून निघालं की कुठलं उत्तर मिळतं, याची सीमा १.०९८६ पाशी आहे, ३ च्या नैसर्गिक लॉगरिदमवर. तिथे उतार शून्य. म्हणून मुद्दाम त्याला खेटून १.१ धरले.

स्पर्शिका जवळजवळ आडवी. पहिल्याच उडीत ७२.११ वर जाऊन पडलो. आणि तिथून परत येताना दर पायरीला जेमतेम १ कमी होतो. ७१.११, ७०.११, ६९.११... साठाच्या आसपास पेन खाली ठेवलं. साडेबारा वाजले होते.