काकडीचा पाला

आज भोगी. आई सकाळपासून बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत बसलेली आणि मी गच्चीत कुंडीपाशी उकिडवा, पानं मोजत. शेवटी आज तोडलीच, सहा-सात कोवळी.

सॅलड बर्नेट नाव त्याचं, मराठीत काय म्हणतात ते कुठं सापडलं नाही. युरोपात माळावर, चुनखडीच्या जमिनीत आपोआप उगवतं, एकदा मूळ धरलं की वर्षानुवर्षं तिथंच फुटत राहतं. चुनखड म्हणलं की आपलं सोलापूर आलंच की, म्हणून हौसेनं ऑनलाइन बी मागवलं. दाणे बघून आई म्हणाली, बीट लावतोयस का? दिसायला तसंच, खडबडीत, कडा आलेलं, आणि बीटासारखंच एका दाण्यातनं कधी कधी दोन रोपं निघतात.

नोव्हेंबरच्या शेवटी, ऊन जरा उतरल्यावर २० दाणे टाकले. दहा दिवस काहीच नाही, माती उकरून बघायचा मोह कसाबसा आवरला. बाराव्या दिवशी दोन गोल पानं वर, मग त्यांच्यामधनं एक बारकं पान, करवतीच्या दातांचं, जपानी पंख्यासारखी घडी घातलेलं, ते रोज थोडं थोडं उलगडत होतं. ऑफिसला उशीर झाला दोनदा यापायी.

एकूण नऊ आली. दाटी होतीय म्हणून तीन उपटून दुसऱ्या कुंडीत लावली, तिथं गाढवपणा झाला. याचं मूळ गाजरागत सरळ खाली जातं, ते दुखावलं की संपलं. दोघांनी दुसऱ्याच दिवशी मान टाकली, तिसरं अजून रुसलेलंच आहे. पाण्याची मात्र कटकट नाही, आमच्याकडं नळ येतो चार-पाच दिवसांनी, त्यात बाकीच्यांनी भागवून घेतलं.

तर आज पान चुरगळून नाकाशी नेलं आणि काय, चक्क काकडी! दह्यात बारीक चिरून टाकलं, वर शेंगाचटणी. जून पानं कडू होतात आणि वाळवली तर वास उडतो, त्यामुळं हे असं ताजंच खायचं. आईनं एक पान चावून बघितलं.

"काकडीच खायची होती तर मंडईतनं आणायची की रे, दीड महिना कशाला घालवलास?"

काय बोलणार. पण दुसऱ्यांदा कोशिंबीर वाढून घेतली तिनं, बघितलं मी.

आता एप्रिल-मेचं टेन्शन. हे थंड मुलखातलं झाड, आपलं ४३-४४ त्याला झेपतंय का बघू. आत्ताच पूर्वेच्या भिंतीला, तुळशीच्या आडोशाला सरकवून आलो. कुंडीसकट, ह्यावेळी.